बाबा हौ म्हणाले का नाही?

पुण्याला नर्सिंग शिकायला निघाले, तेव्हा बाबा मला गोंदियापलीकडच्या आमच्या लांजीच्या बसस्टँडवर पोचवायला आले होते. गोंदियाची बस सुरू झाली. तेव्हा खिडकीशी येऊन ते म्हणाले, "कुठंबी जाय, पळसाले पानं तीनच." जा म्हणाले की जाऊ नको, हे मला गोंदिया आलं तरी कळलं नाही.

बाबा तसेच. धानाची शेती आणि बोलणं सगळं म्हणींत. भाऊ बैलाला दोष द्यायला लागला की "नाचता येईना, आंगण वाकडं". तेवढ्यावर घरातली भांडणं मिटायची. होस्टेलात मात्र मी तसं काही बोलले की मुली हसायच्या. "मले" म्हटलं की जास्तच. मग मी "मला" म्हणायला शिकले. वॉर्ड, ड्युटी, नाइट शिफ्ट यांत म्हणी कधी सुटल्या, कळलंही नाही.

नोकरी लागल्यावर सुधीर भेटला. पुण्याचा, दुसऱ्या जातीचा. ऐन धानाच्या रोवणीत गावी जाऊन मी बाबांना लग्नाचं सांगितलं. ते बांधावर बसून पायाचा चिखल धूत होते. दुसरा पाय धुवायला घेत म्हणाले, "ऐकावं जनाचं, करावं मनाचं."

"म्हणजे हौ का नाही?"

ते उठून रोवणाऱ्या बायांकडे गेले. घरी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मले काहून इचारते? इतके वर्स झाले, मले तरी कुठं समजते त्याईचं?"

शेवटी मनाचं केलं. लग्नाला बाबा येतील असं वाटलं नव्हतं. आले. एकटेच, खांद्यावर घरच्या चिन्नोर तांदळाचं पोतं घेऊन. पंगतीत सासूबाईंनी विचारलं, "मुलीबद्दल काही सांगायचंय का?" आता कोणती म्हण येते, म्हणून मी धसकले.

"तिले रोज भात लागते," बाबा म्हणाले. "पोळीनं तिचं पोट नाही भरत."

एवढंच, आणि इतकं सरळ. दुसऱ्या दिवशी ते परत गेले.

बाबा आता नाहीत. ते राजी होते का, असं सुधीर अजून विचारतो. मी कधी हो म्हणते, कधी माहीत नाही म्हणते. तिकडच्या कुणाला बाबांचं बोलणं उलगडलं तर मला सांगा. लांजीत मी पुण्याची, पुण्यात मी तिकडची. घर कुठलं, ते मला नीट सांगता येत नाही. सासूबाई होत्या तोवर मात्र, घरात सगळ्यांच्या पोळ्या झाल्या तरी, माझ्यापुरता भात वेगळा टाकायच्या. त्या ताटावर बसले की तेवढा वेळ मी काही विचारत नसे.