बोदलकसाच्या तलावात काकांना लागलेला पाय

सुट्टीत एखाद्या शांत जागी जाऊ, एवढंच मी म्हणाले होते. फुलचूरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने, रश्मीने, शांत जागा म्हणजे आरडाओरडा ऐकायला कोणी नसलेली जागा असा अर्थ घेतला आणि हवा भरायचे दोन कयाक गाडीत टाकले.

गोंदियाहून तिरोड्यापर्यंत रस्ता चांगला आहे. तिथे आलूबोंडे पोटभर खाऊन घ्या. पुढे तलावावर पाणी भरपूर, पिण्याचं मात्र आपलं आपण न्यावं. मी पाणी, मलमपट्टीची पेटी आणि शिट्टीही घेतली होती.

"काऊन वो, लढाईवर जाऊन राहिली का?" रश्मीने विचारलं.

बोदलकसा सुंदर आहे. भोवती जंगल, पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडं. हवेच्या कयाकातून ती खोडं न्याहाळणं म्हणजे फुग्यावर बसून सुयांचं कौतुक करणं.

शेजारून पायडलच्या बोटीत एक काका-काकू चालले होते. काकांचं लाइफ जॅकेट सीटवर आरामात बसलं होतं. "बेटा, मी तलावातच लहानाचा मोठा झालो. ये सब बच्चों के लिए," असं म्हणून काकांनी उडी मारली. नेमकी खोडावर.

वर आले तेव्हा पोटरी फाटलेली, पाणी लाल, चेहरा पांढरा. काकूंना एकटीने बोट वळेना. मी जवळ गेले, तशी काकांनी माझ्या कयाकची कड धरली आणि वर चढू लागले.

"काकाजी, चढू नोका! मागचा दोर धरा!" रश्मी ओरडली.

तलावात मोठे झालेले काका ऐकतील कशाला? कयाक कलंडायला लागला. मी त्यांना पायाने ढकललं.

इथे थोडी माहिती देते. पाचवीपर्यंत माझी शाळा घरीच होती, आणि शाळा म्हणजे आई. पहिला धडा: मोठ्यांना पाय लागला की लगेच नमस्कार. मी वल्हं सोडलं, वाकून काकांच्या खांद्याला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि कयाक उलटून आम्ही दोघंही पाण्याखाली गेलो.

"नमस्कार कराले कोन सांगतलन तुले?" रश्मी.

मला अंगातल्या जॅकेटने तारलं. काका खाली चालले होते. मी मागून त्यांच्या काखेत हात घालून त्यांचं डोकं छातीवर घेतलं, दुसऱ्या हाताने रश्मीच्या कयाकचा दोर धरला. ती वल्हवत राहिली. मागून काकू रडत होत्या, "अहो, बोला ना काही!" काका बोलत नव्हते. तेवढा वेळ मला विनोदी असं काहीच सुचलं नाही.

काठाला लागल्यावर त्यांनी डोळे उघडले. "माझी चप्पल?"

पेटीतली पट्टी पुरेना, म्हणून ओढणीने पाय करकचून बांधला आणि दोघांना आमच्याच गाडीतून तिरोड्याला दवाखान्यात नेलं. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं, तर काका म्हणाले, "या पोरीनं लाथ मारली." खोडाचा उल्लेखही नाही.

कयाक वाळले, ओढणीवरचा डाग मात्र गेला नाही. तो बघून आईने विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

"पाय लागल्यावर नमस्कार केलास ना?"

"केला. म्हणून तर बुडालो."

"आणि वाचलात ते काय उगाच?" आई म्हणाली.