दिवेलागणीला गप्प होणारी शर्यत

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी टीव्हीच्या रिमोटकडे जातो.

तेव्हा मी गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यावर निरीक्षक होतो. किनाऱ्याजवळचं ठाणं म्हणजे रोजची डोकेदुखी ठरलेली: भाड्याच्या स्कूटरचे अपघात, शॅकवाल्यांची भांडणं, हरवलेले पासपोर्ट. अशात एक दिवस मुंबईहून एका वाहिनीचा अधिकारी आला. म्हणाला, "साहेब, आमच्या शर्यती चोरीला जातायत."

मला हसूच फुटलं. "अहो, गाडी चोरीला गेली तर समजू शकतो. शर्यत कशी चोरतात?"

त्याने समजावलं. मोटारींच्या शर्यती त्यांच्या वाहिनीवर फुकट दिसत नाहीत. जी शर्यत बघायची, तिचे पैसे आधी भरायचे. इथला कुणीतरी एकदा पैसे भरून टीव्हीसमोर मोबाइल उभा करत होता आणि तीच शर्यत पेडण्यापासून डिचोलीपर्यंत लोकांच्या मोबाइलवर स्वस्तात विकत होता. विक्री याच दोन तालुक्यांत, म्हणजे माणूस इथलाच.

माझा स्वभाव चौकस. विचारलं, "क्रिकेट इतकं स्वस्त दाखवता, मग यालाच एवढा भाव का?"

"साहेब, क्रिकेटमध्ये षटक संपलं की जाहिरात लावता येते. शर्यत थांबतच नाही. जाहिरात लावली आणि नेमका तेव्हाच कुणी पुढे गेला, तर लोक आम्हाला शिव्या घालतात. दाखवायच्या हक्काचे पैसे आम्ही हंगामाआधीच मोजलेले. ते बघणाऱ्याकडूनच वसूल व्हायचे, आणि बघणारे मूठभर. त्यातले थोडे फुकट्याकडे गेले की भाव वाढवावा लागतो. भाव वाढला की आणखी थोडे जातात."

हे गणित मला भलतंच आवडलं. त्याच रात्री बायकोला समजावून सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "आधी जेवून घ्या."

आम्ही गावोगाव विचारपूस सुरू केली आणि दोन दिवसांत ठाण्यावर निनावी फोन आला. "केरीक डिश लावणारो बेळगावचो माणूस असा, ताका धरा." एवढं बोलून फोन बंद.

त्या माणसाला चौकशीला बोलावलं. तिशी ओलांडलेला, बायको आणि लहान मुलीसह केरीत भाड्याच्या खोलीत राहणारा. पोलिसांनी बोलावलं म्हटल्यावर कंत्राटदाराने त्याचं काम थांबवलं. खोलीवालीने सांगितलं, महिना संपला की सामान उचला. गुन्हा अजून कुणावर सिद्ध नव्हता, पण याची शिक्षा सुरू झाली होती.

मी त्याला सरळ विचारलं, उलटं विचारलं, चहा पाजून विचारलं. तो एकच म्हणे, "साहेब, मी डिश लावतो. शर्यत बघत बसाय मला वेळ कुठं हाय?" माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट सुधारतो. याची गोष्ट पहिल्यांदा जिथे अडखळली, तिथेच दर वेळी अडखळत होती. पुढच्या शर्यतीच्या दिवशी मी त्याला मुद्दाम ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. चोरीची शर्यत तरीही ठरल्या वेळी सुरू झाली. वाहिनीचा अधिकारी म्हणाला, "साथीदार असेल." चिडलोच मी. पण माझ्या चिडण्याने त्याची खोली वाचणार नव्हती.

मग मी आणि आमचा हवालदार चोरलेल्या शर्यतींची रेकॉर्डिंग बघत बसलो. हवालदार जवळच्याच गावचा, अर्धं आयुष्य नोकरीत गेलेला. गाड्यांचा तो कर्कश आवाज ऐकून आमची डोकी उठली. संध्याकाळी सुरू होणाऱ्या शर्यतींत एक गंमत दिसली. मध्येच आवाज गायब व्हायचा. चित्र चालू, गाड्या मुक्याने पळतायत, आणि थोड्या वेळाने पुन्हा गोंगाट. अधिकारी म्हणाला, नेटवर्कचा दोष. मी म्हटलं, नेटवर्क दर वेळी तिन्हीसांजेलाच कसं बिघडतं?

आम्ही तेवढाच तुकडा आवाज मोठा करून ऐकला. त्या शांततेत देव्हाऱ्यातली बारीक घंटी वाजत होती. मग एका म्हातारीचा आवाज आला, "झाला रे. लाय आता," आणि लगेच गाड्यांचा गोंगाट परतला.

हवालदार ताडकन उठला. "साहेब, ही दिवेलागण! आमच्या घरीसुद्धा दिवो लावताना टीव्ही बोललेला चालत नाय!"

शर्यतीचे पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं वाहिनीने आधीच दिली होती. बहुतेक हॉटेलं आणि बार. एक नाव सत्तरी उलटलेल्या बाईचं होतं. अधिकाऱ्याने ते पहिल्याच दिवशी बाजूला काढलं होतं. "म्हातारी कसली शर्यत बघते, साहेब? चुकून भरले असतील."

"दर शर्यतीला चुकतात?" मी म्हटलं.

पुढच्या शर्यतीला मी साध्या कपड्यांत त्या घरी गेलो. पंच आणि हवालदार बाहेर थांबले. म्हातारीने मला मुलाचा ओळखीचा समजून खुर्ची दिली, पाणी दिलं. आत टीव्हीवर शर्यत चालू, समोर स्टँडवर मोबाइल. तिचा चाळिशीतला मुलगा मला बघून पांढराफटक पडला. एवढ्यात म्हातारी म्हणाली, "दिवो लायतंय हां," आणि त्या अवस्थेतही त्याचा हात रिमोटकडे गेला. आवाज बंद झाला. घंटी वाजली. ती हात जोडून उठेपर्यंत मी थांबलो. मग त्याला घेऊन बाहेर ओट्यावर आलो आणि ओळखपत्र दाखवलं.

पंचनामा झाला, मोबाइल जप्त झाला. ठाण्यात त्याने सगळं कबूल केलं. "साहेब, गावात आधी केबल माझी. त्या बेळगाववाल्याची डिश इली आणि माझी तार कावळ्यांका बसूक उरली. कंपनीचो भाव मुंबयचो, हंय कोण घेणार? मी पावाच्या भावात दिलंय, तर बारवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे बघूक लागले." हिशेब चुकीचा नव्हता. माल त्याचा नव्हता, एवढंच. निनावी फोनही त्यानेच केला होता.

त्यावर मात्र माझा पारा चढला. "अरे, ज्याला तू माझ्या बाकावर बसवलंस त्याचं घर मोडत होतं!" तो मान खाली घालून रडला. मग म्हणाला, "साहेब, माका काय ती शिक्षा द्या. पण आयेच्या दिव्यामुळा मी सापडलंय, ता तिका सांगू नकात."

दुसऱ्या दिवशी मी कंत्राटदाराला आणि खोलीवालीला स्वतः भेटलो. डिशवाल्याचं काम आणि खोली दोन्ही टिकलं. वाहिनीने पुढे आमच्याकडचा भाव उतरवला म्हणे. का, ते मला कुणी सांगितलं नाही.

मुलाच्या जामिनाच्या दिवशी म्हातारी कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठली. रागावलेली नव्हती, नुसतं विचारत होती. "साहेबा, तुमका आमचा घर कसा गावला?"

"कंपनीच्या यादीत तुमचं नाव होतं, मावशी."

"इतक्याच?"

"इतकंच."

ती माउली आता नाही, म्हणून हे लिहितोय. शेवटपर्यंत तिने रोज दिवा लावला, असं मुलगा सांगतो. नोकरीभर मी लोकांचं खोटं पकडलं, आणि त्या पायरीवर अर्धं खरं सांगून बाकीचं दडवलं. त्याची लाज मला कधी वाटली नाही. आमच्या घरीही आता दिवा लागायच्या वेळी टीव्हीचा आवाज मीच बंद करतो. मग घंटी ऐकू येते.