हा तो पोट्टा नोहोय!

उकडत्या धानाचा वास आला की मला गोंदियातली ती दिवाळीची सुट्टी आठवते. राइस मिलची वाफ खिडकीतून आत येत होती आणि मी नि दादा टीव्हीपुढे भांडत होतो. लहानपणी वीज गेल्यामुळे शेवटचा भाग हुकलेली आमची हिंदीत लागणारी जपानी कार्टून मालिका अखेर इंटरनेटवर सापडली होती, तीही दोन रूपांत. एक जुनी, धुरकट. दुसरी नव्याने उजळलेली, आवाजही नवे. "नवीनच पाहू, पाय ना, चित्र किती चकाचक आहे!" म्हणत दादाने लावलीसुद्धा. नायक पहिलं वाक्य बोलला आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, "हा तो पोट्टा नोहोय! काय लावून राहिले?" आम्ही थक्क झालो. आईने ही मालिका कधी पाहिलीच नव्हती, पोळ्या लाटता लाटता नुसती ऐकली होती. मी जुनी लावली. तोच हिंदी आवाज घुमला आणि आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. शेवटची लढाई आम्ही तिघांनी उभ्यानेच पाहिली. तो जिंकला तेव्हा आईने अशा टाळ्या पिटल्या की पीठ उडालं. आज माझ्याकडे मोठा टीव्ही आहे, तरी मी धुरकटच लावतो, आणि नायक दिसला की त्या दिवशी पडद्याला नाक लावून उभी असलेली आई ऐकू येते, "अगा बापा, याचे केस निळे हायेत होय!"