चर्चवाल्या बाईंचं ‘आम्ही’

माझी लेक फ्रान्समधल्या ज्या खेड्यात राहते, तिथे एक जुनं चर्च आहे. त्याची किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला आत नेलं आणि एका भिंतीवर बोट ठेवलं. खालचे दगड ओबडधोबड, वरचे नीट घडवलेले, आणि मधून गोधडीच्या टाक्यासारखी वाकडी रेघ गेलेली.

“इथवर आम्ही बांधलं,” बाई म्हणाल्या. “मग लढाई झाली, काम थांबलं. वरचं आम्ही शे-दीडशे वर्षांनी केलं. ही कमान मात्र आमची चुकलीच.” लेक मला मराठीत सांगत होती.

त्या ‘आम्ही’नं माझ्या पोटात दुखायला लागलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या गवंड्यांची चूकसुद्धा ही बाई आपलीच म्हणून सांगत होती! माझ्या गावचं महादेवाचं देऊळही काही कमी जुनं नाही. पण ते कुणी बांधलं असं विचारा, कुणीही सांगेल: पांडवांनी, एका रात्रीत. म्हणजे आमच्यातल्या कुणाचा हात त्याला लागलाच नाही. कुणी थांबलं नाही, कुणी चुकलं नाही. मग कुठल्या दगडावर बोट ठेवून मी ‘आम्ही’ म्हणू?

तरी ऐटीत मी पांडवांची गोष्ट सांगितलीच. बाईंचे डोळे मोठे झाले.

“एका रात्रीत! मग त्यानंतर तुम्ही काय केलंत?”

“ऑइलपेंट मारला,” मी म्हणालो.

लेकीनं त्याचं भाषांतर केलंच नाही.