बाईंचा रणगाड्यांचा तास

प्रश्न विचारून झाला की बाई वर्गाकडं पाठ करायच्या. खिडकीशी जायच्या, गजाला धरून उभ्या राहायच्या आणि बाहेर रस्त्याकडं बघायच्या. मागं पोरं उत्तर देवोत, भांडोत, नाहीतर एकमेकांच्या वहीत डोकावोत, बाईंना त्याचं जणू काही नाही.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर बरीच चर्चा व्हायची. मुख्याध्यापक म्हणायचे, बाईंचा वर्गावर वचक नाही. चित्रकलेचे सर म्हणायचे, बाईंना हसू येतं ते लपवतात. मी गणिताचा मास्तर. माझं मत असं, की बाई गाडीची वेळ बघतात. खिडकीतून निमगाव केतकीचा एसटी थांबा दिसायचा, आणि बाई व मी रोज इंदापूरहून एकाच गाडीनं ये-जा करायचो. त्यामुळं माझं मत मला पटलेलं होतं आणि मी ते सगळ्यांना पटवतही असे.

बाई मराठी शिकवायच्या. ठेंगण्या, पन्नाशीला टेकलेल्या, चालताना पदर खोचलेला. लग्न केलेलं नव्हतं. घरी म्हातारे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अर्धांगानं त्यांची एक बाजू गेली होती. दिवसा शेजारीण बघायची, पण संध्याकाळी लेक घरी पोचल्याशिवाय अण्णा घास घ्यायचे नाहीत. म्हणून शाळा सुटली की बाई थांब्याकडं जवळजवळ पळतच निघायच्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "छान म्हणू नका, वाईट म्हणू नका. कशामुळं, तेवढं सांगा." हे फक्त पोरांना नव्हे, आम्हालाही. मधल्या सुट्टीत मी चहाचा घोट घेऊन "झकास" म्हटलं, की समोरून "कशामुळं?" आलंच. मी म्हणायचो, "बाई, सुखानं पिऊ द्या की." त्या म्हणायच्या, "प्या ना. पण सांगा." मग मी आलं जास्त पडलंय, दूध सकाळचं आहे, असं सगळं सांगून टाकायचो. त्याशिवाय सुटका नसायची.

तर गोष्ट आहे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. थांब्यापाशी सायकलच्या दुकानाला लागून एक व्हिडिओ गेमचं दुकान निघालं आणि आमचा नववीचा वर्ग दुपारनंतर अर्धा रिकामा पडायला लागला. मुख्याध्यापकांनी बाईंना आणि मला पोरं धरून आणायला पाठवलं. मी आत शिरलो आणि हाताला लागेल त्याचा कान धरला. बाई मात्र एका पोराच्या मागं उभ्या राहून पडदा बघत बसल्या. पोराला पत्ताच नाही. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "तू दर वेळी त्याच कोपऱ्यात मरतोस. का रे?"

पोरगं दचकलं, पण तोंडातून निघून गेलं, "मशीन लबाड हाय, बाई."

"लबाड म्हणू नको. कशी लबाडी करतं, ते सांग."

आणि ते पोरगं सांगायला लागलं. तो कोपरा, ती भिंत, शत्रू कुठून निघतो, आपल्याला वळायला जागा का पुरत नाही. मराठीच्या तासाला ते आजवर एक सलग वाक्य बोललेलं नव्हतं. परत येताना मी त्याचा कान धरलेला, बाईंचं लक्ष भलतीकडंच. मला म्हणाल्या, "मास्तर, ह्याला लिहितं करता येईल."

बारामतीला बाईंची बहीण राहायची. तिच्या मुलाचं दहावीचं वर्ष. त्याचा टीव्हीला जोडायचा गेम तिनं काढून घेतला आणि बाईंच्या स्वाधीन केला. म्हणाली, "अक्का, परीक्षा होईपर्यंत हा कुठंतरी लपवून ठेव." बाईंनी तो लपवला. कुठं, तर आमच्या शाळेत. शाळेला देणगीत मिळालेला एक रंगीत टीव्ही होता, मुख्याध्यापकांच्या खोलीत, भरतकामाच्या आच्छादनाखाली. तो पंधरा ऑगस्टशिवाय उघडत नसे. बाईंनी मुख्याध्यापकांना काय सांगितलं देव जाणे, पण शनिवारी शाळा सुटल्यावरचा एक तास त्यांनी मिळवला. गेम रणगाड्यांचा होता.

पहिल्या शनिवारी दोघं खेळले, बाकीच्यांनी बघितलं, मग सगळ्यांनी लिहिलं. बाईंनी ते कागद गाडीत मला वाचायला दिले. तुम्ही आपल्याकडच्या शाळेत शिकला असाल तर त्यात काय होतं ते मी सांगायला नको. "व्हिडिओ गेम : शाप की वरदान." सगळ्यांनी तेच. "आजच्या विज्ञानयुगात" अशी सुरुवात, शेवटी "नाण्याला दोन बाजू असतात". एकानं तर "मी रणगाडा बोलतोय" असं आत्मवृत्त लिहिलं होतं आणि शेवटी त्या रणगाड्यानं वाचकांना आईवडिलांची सेवा करण्याचा उपदेश केला होता. मी इतका हसलो की कंडक्टर विचारायला आला. बाई हसल्या नाहीत.

"पोरांचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "आपण त्यांना निवाडा द्यायला शिकवलंय. बघायला नाही."

मग त्यांनी शिकवायला घेतलं. आधी गेम बंद. सापशिडी काढली आणि विचारलं, "यात तुमचं डोकं कुठं लागतं?" आणि वळल्या खिडकीकडं. पोरांना तास लागला हे कबूल करायला, की कुठंच नाही. मग विटीदांडू आणि लगोरी. मग परत रणगाडे. पडद्याचं चित्र काढा. काय करायचं हे गेम तुम्हाला कुठल्याही शब्दावाचून कसं सांगतो, ते लिहा. भीती नेमकी कुठं वाटते, ते लिहा. आणि त्यांचा सगळ्यात आवडता अभ्यास असा, की एक नियम बदला, फक्त एक, आणि काय होईल ते लिहा. लाईट गेली तर आणखी बरं, म्हणायच्या. मग आठवून लिहायचं.

मी एकदा अण्णांना भेटायला गेलो होतो. पलंगाशेजारी बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. अण्णांची जीभ जड झालेली, तरी गप्पांची हौस होती. मी चेष्टेत म्हटलं, "अण्णा, तुमची लेक पोरांना रणगाडे शिकवते."

अण्णा म्हणाले, "न्हाय मास्तर. नियम शिकवती." मग थांबत थांबत सांगितलं. लहानपणी ते शाळेत वर्गाबाहेर ओट्यावर बसायचे. का, तर नियम होता. त्यांनी गुरुजींना विचारलं, ह्यो नियम कुणी केला. गुरुजी म्हणाले, ते तसंच असतं. "छप्पन साली धम्म घेतला तवा मला उमगलं. नियम आभाळातनं पडत न्हाय. कुणीतरी केल्याला असतो. म्हंजी बदलता बी येतो." बाई आत भाकरी थापत होत्या. त्यांनी हे ऐकलं की नाही, कळलं नाही.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. मराठीची बाई पोरांना टीव्हीवर गोळ्या झाडायला लावती, असं कुणीतरी शाळा समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. ऊसवाले, कारखान्याच्या राजकारणात मुरलेले, तापट. बैठकीत त्यांनी टेबलावर हात आपटला. "पोरं हितं शिकाय येत्यात का खेळाय? शनवारी मी सोता येऊन बघणार. पटलं तर ठीक. न्हाय पटलं तर बाईंनी भीमेपल्याडच्या शाखंत जावं." मुख्याध्यापकांनी बदलीचा कागद तयार करून खिशात ठेवला.

भीमेपल्याड आमच्याच संस्थेची दुसरी शाळा होती, आणि तिथून रोज घरी परतायची सोय नव्हती.  परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "तिकडं खोली घ्यावी लागेल. अण्णांना हलवता येत नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ते जेवत नाहीत."

मी चिडलो. "मग बंद करा हा तास. एका खेळासाठी म्हाताऱ्याला उपाशी ठेवणार का?"

"पोरं आत्ता कुठं का म्हणून विचारायला लागलीत, मास्तर," त्या म्हणाल्या. "आबा ओरडले म्हणून मी बंद केला, तर ती त्यातनं काय शिकतील?"  मी खिडकीबाहेर बघत बसलो.

शनिवारी आबा समितीच्या एका सभासदाला घेऊन आले. खुर्ची टाकली होती, टीव्ही मांडला होता, पोरं श्वास रोखून बसलेली. बाईंनी बटण दाबलं आणि लाईट गेली.

मुख्याध्यापक म्हणाले, "आबा, पुढच्या शनिवारी बघू."

"मला पुढला शनवार मोकळा न्हाय. हाय ते दावा."

बाईंनी रेखाला उठवलं. रेखा म्हणजे वर्गातली सगळ्यात मुकी मुलगी. मला वाटलं, संपलं. बाई म्हणाल्या, "तुझं वाच," आणि नेहमीसारख्या खिडकीकडं वळल्या.

रेखानं वाचायला सुरुवात केली. "पडद्याच्या तळाला मधोमध आपला किल्ला असतो. त्याच्याभोवती विटांची पातळ भिंत असते. शत्रूचे रणगाडे वरून येतात. भिंत कुणाच्याही गोळीनं फुटते, शत्रूच्या आणि आपल्याही. किल्ला एका गोळीत पडतो. मी जितक्या वेळा हरले, त्यातल्या बहुतेक वेळा किल्ला माझ्याच गोळीनं पडला."

"थांब," आबा म्हणाले. "आपल्याच गोळीनं?"

"व्हय."

"मग आपली गोळी किल्ल्याला लागू ने, असं का न्हाय केलं? सोपं झालं असतं."

याचं उत्तर कागदावर नव्हतं.  मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. बाई वळल्या नाहीत.

रेखा कागद खाली करून बोलली. "मग गोळी मारताना कुणी बगितलंच नसतं, आबा. दिसंल ते उडवत सुटला असता. आता मारायच्या आदी बगावं लागतंय, म्होरं आपलंच भिताड हाय का. ज्यानं गेम केला त्याला वाटत आसंल, माणसानं जरा थांबावं."

"आन् जो थांबत न्हाय?"

"त्यो रागाच्या भरात मारतो. सोताचाच किल्ला पाडतो. मग मशीनला शिव्या देतो."

पोरं हसली. आबा हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत बसले. मग शेजारच्या सभासदाला म्हणाले, "कारखान्याच्या इलेक्शनला आपल्या पॅनेलचं आसंच झालं बघा." आणि मुख्याध्यापकांकडं वळून म्हणाले, "हेडमास्तर, ती बदलीची गोळी खिशातच ऱ्हाऊ द्या."

थोड्या वेळानं लाईट आली. आबांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली. "आणा हिकडं ते. बघू तरी भिताड." ते खेळले, आणि काही क्षणांत स्वतःचाच किल्ला स्वतःच्या गोळीनं पाडून मोकळे झाले. "झ्याक हाय," म्हणाले.

बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कशामुळं?"

सगळ्या वर्गाचा जीव टांगणीला. आबा उठता उठता म्हणाले, "आता मला बी लिवाय बसवता का, बाई?" त्या दिवशी गाडीत बाई इंदापूर येईपर्यंत रडत होत्या, आणि मी मुकाट्यानं शेंगा सोलून त्यांच्या हातावर ठेवत होतो.

तास पुढं कितीतरी शनिवार चालला. बहिणीचा मुलगा दहावी पास झाला, गेम मागायला आला, त्याला तो मिळाला नाही. अण्णा गेले. त्यानंतर वर्षभरातच, नवं शतक लागल्यावर, बाईही गेल्या. सकाळी इंदापूरच्या स्टँडवर त्या आल्या नाहीत, म्हणून मी गाडी सोडली, दुसरीही सोडली, आणि मग कुणीतरी निरोप घेऊन आलं. झोपेतच गेल्या होत्या. मला बाईंची फार आठवण येते, हे सरळ सांगून टाकतो. अजूनही चहा झकास झाला की मी समोर बघतो.

शोकसभा शाळेतच, त्याच वर्गात भरली. भाषणं झाली. मनमिळाऊ, हसतमुख, कधीही न भरून येणारी पोकळी. मग रेखा उठली. नुकतीच ती कन्हेरीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती.

"बाई चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. मुख्याध्यापक सावरून बसले. "कशामुळं, ते सांगते. कुणी माझ्याकडं बघितलं की माझा आवाज जायचा. आठवीपर्यंत मी वर्गात एक शब्द बोलले नव्हते. बाईंनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनी फक्त एक नियम बदलला. प्रश्न विचारल्यावर शिक्षकानं पोरांकडं बघायचं, हा नियम. बाई पाठ करून खिडकीशी जायच्या. बाई बाहेर काय बघतात म्हणून सगळा वर्ग तिकडंच बघायचा. माझ्याकडं कुणी बघत नसायचं. तेवढ्यात मी बोलून घ्यायचे. माझ्या आधीही दर वर्षी माझ्यासारखं कुणीतरी असणारच."

आणि मी म्हणत होतो, गाडीची वेळ. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून प्रवास केला, आणि हे मला एका पोरीनं सांगावं लागलं. माझे डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

रेखा म्हणाली, "आता तुम्ही सांगा. बाई चांगल्या होत्या, त्या कशामुळं?" आणि ती आमच्याकडं पाठ करून खिडकीशी गेली, गजाला धरून उभी राहिली.

 आम्ही सगळे रस्त्याकडं बघत होतो. मग मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी टेकल्याचा आवाज आला.

"मी सांगतो," आबा म्हणाले.