गाळप संपल्यावरचा बर्फ

आमच्या घरात बर्फ बघायला जायची तारीख साखर कारखान्यानं ठरवली.

मी भवानीनगरला बॉयलरवर कामाला आहे. उसाचं गाळप बंद झाल्याशिवाय रजा नाही, म्हणून आमच्याकडे लग्नं, जावळं, सहली, सगळं गाळप संपल्यावर. बर्फही त्याच रांगेत बसवला. (बर्फाला कुणी विचारलं नव्हतं!)

हौस माझी नव्हे, बायकोची. संगीता कळस गावची. थंडीत उसाला तुरे आले की ती बांधावर उभी राहून त्या पांढऱ्या रानाकडे बघत राहायची.

"अवो, बर्फ असाच असंल का? पाय न उचलता नुसतं घसरत जायाचं..."

"गाळप संपू दे, नेतो."

असं म्हणता म्हणता पोरगी कॉलेजात गेली.

शेवटी यंदा नेलं. हिमाचलात पोचलो तर डोंगर आमच्या माळासारखा तपकिरी! उतारावर बर्फाचा एकच पट्टा उरलेला, एका सरीएवढा. स्की शिकवणारा उस्ताद त्याच्याशेजारी बसून होता.

"भैया, बर्फ?"

"इतनी ही है, साब. दोपहर तक ये भी नहीं रहेगी."

पूर्वी या दिवसांत इथं उभं राहायला जागा नसायची म्हणे. आता ऐन थंडीतही बर्फाची खात्री नाही, उस्तादाच्या मुलानं तर स्की सोडून हॉटेलात नोकरी धरली. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

संगीता पट्ट्याकडे बघत स्वप्नात असल्यागत म्हणाली, "ह्याच्यावर पाचट का घालत न्हाईत? ऊन लागलं नसतं." (उसाच्या वाळक्या पाल्याला हिंदीत काय म्हणतात, हे मला शेवटपर्यंत आठवलं नाही.)

तिनं भाड्याचा कोट चढवला, स्की बांधायला पाय पुढे केला, आणि नेमका तेव्हाच माझ्यातला नवरा जागा झाला.

"थांब! आधी मी बघतो. पडलीस म्हंजी?"

"अवो, माझं वजन कमी हाय. मला जाऊ द्या की!"

"म्हणूनच! भार मी तपासतो."

"साब, पहले मैडम को..." उस्ताद ओरडला, तोवर मी स्की पायात अडकवून निघालो होतो. दोन हात उभ्यानं गेलो, उरलेला उतार बसून. ट्रॅक्टरला जमणार नाही अशी नांगरट मी बसल्या बैठकीला केली! खाली चिखलात थांबलो आणि मागं वळून पाहिलं. पट्टा नव्हता. नुसतं ओलं गवत होतं, आणि वर उस्ताद डोकं धरून बसला होता.

संगीता चालत खाली आली. आता सगळा डोंगर ऐकेल असं काहीतरी बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

"लागलं का?" तिनं एवढंच विचारलं. त्यानं मला जास्तच लाज वाटली.

मग माझ्या कॉलरीत अडकलेला बर्फ तिला दिसला. तिनं तो अलगद ओंजळीत काढला, गालाला लावला आणि डोळे मिटले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी ती तशीच उभी, हसत. मी हललोसुद्धा नाही.

घरी परतल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कसा हाय वो तितला बर्फ?"

"लय झ्याक!" संगीता म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "पर ह्यांच्या बुडाला पुरला तेवढाच हुता!"