कुलूप बघून भरलेला फॉर्म

"साहेब, टीव्हीत नुसत्या मुंग्या येऊन राहिल्या. शेजारच्या म्हातारीला डब्बा भेटला. आमाला काहून न्हाई?"

सेनगावकडच्या एका तांड्यावरचे सोमलाकाका माझ्या टेबलासमोर उभे होते. सोबत त्यांची लेक कविता. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

मी टीव्हीच्या रिले केंद्रात टेक्निशियन. लांबून आलेला सिग्नल आम्ही आसपासच्या गावांना सोडायचो. घरावर साधा अँटेना असला की चित्र दिसायचं. तो जुना ट्रान्समीटर बंद झाला. डिजिटलसाठी डिशची छत्री आणि सेट-टॉप बॉक्स लागतो. गरजूंना तो फुकट मिळणार होता. त्यांचा सर्व्हे मीच केला होता.

फॉर्म काढला. सोमलाकाकांच्या नावापुढे माझंच अक्षर: 'घर बंद. टीव्ही नाही.'

"तुमी आलते तवा आमी ऊसतोडीला, कारखान्यावर," काका म्हणाले. "कुलूप तर तुमच्या ऑफिसलाबी लागतं की. मंग तितं बी काई न्हाई म्हणायचं का?"

अर्ध्या तांड्याचे फॉर्म मी असेच भरले होते, जीपमधून न उतरता.

"पोरीच्या बातम्या बंद झाल्या हो," ते हळू म्हणाले. टीव्हीवर खुणांच्या भाषेत बातम्या लागतात. कविता शाळेत ती भाषा शिकली. तांड्यावर ती दुसऱ्या कुणाला येत नाही; काकांना तेवढ्या तिच्या चार खुणा कळतात.

आमच्या केंद्राच्या साहेबांकडे गेलो.

"यादी वर गेली. बदलायची तर कारण काय लिहू?"

"घराला कुलूप होतं, सर."

"मग तुझं बरोबरच आहे ना!"

शेजारीही न विचारता 'टीव्ही नाही' लिहिलं, एवढं सांगायचं होतं. मेमोच्या भीतीनं गप्प बसलो. दोन महिने. काकांचा फोन आला की 'वर कळवलंय' म्हणायचो. ते "बरं साहेब" म्हणून ठेवून द्यायचे. शेवटी तेच ऐकवेना. एका पानावर चूक लिहून दिली. मेमो मिळालाच. पुढच्या महिन्यात तांड्यावर बॉक्सही पोचले.

कविताच्या घरची छत्री मी स्वतः बसवली. बातम्या लागल्या. ती पडद्याला नाक लावून बसली. मग माझ्याकडे वळून तिनं भराभर हात हलवले.

"काय म्हणते?" मी काकांना विचारलं.

"इतके दिवस त्या बातम्यावाल्या बाईनं काय काय सांगितलं, ते इचारून राहिली."

सर्व्हेला निघणाऱ्या नव्या लोकांना आता एवढंच सांगतो: तांड्यावर ऊसतोड संपल्यावर जा. आणि चुकलात तर त्याच दिवशी लिहून द्या.